डोंगर संपला की पाखरू कुठं जाणार?

बालमित्रांनो,

परवा वर्गात अभयारण्याचा पाठ चालला होता. जंगलाला हद्द आखतात, मग शिकार बंद, झाडतोड बंद, असं मी सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग आतले पक्षी कायमचे वाचले ना?" मी 'हो' म्हणणार होते, पण थांबले. मला हवाई बेटं आठवली.

पॅसिफिक महासागरातल्या या अमेरिकेच्या बेटांवर 'इइवी' नावाचा लालभडक, बाकदार चोचीचा पक्षी फुलांतला मध पितो. पूर्वी तिथं डास नव्हतेच! १८२६च्या सुमारास जहाजांतल्या पाण्याबरोबर ते आले. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरियाही आला. (हा माणसांना होत नाही बरं का!) तिथल्या पाखरांच्या अंगात या रोगाशी झुंजायची ताकद नव्हती. खालच्या रानातली भराभर मेली. उरली ती उंच डोंगरावर, कारण तिथल्या थंडीत डासांचं आणि रोगाचं फावत नाही.

आता हवामान तापतंय. ऊब डोंगर चढू लागली, तिच्यामागून डासही चढले. मौना किया हा डोंगर ४,२०० मीटर उंच. त्याच्या उतारावर पक्ष्यांसाठी १९८५ साली हाकालाऊचं जंगल राखलं. तिथं वर अजून गारवा आहे. पण काउआई बेटाचा सर्वांत उंच माथा १,६०० मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडा बुटका! तिथलं अलाकाईचं जंगलही राखीवच. तरी 'अकिकिकी' नावाची चिमुकली करडी पाखरं २०२३ साली रानात अवघी पाच उरली होती. जंगल जागच्या जागी होतं, गारवा मात्र निघून गेला. माथ्याच्या वर कुठं जाणार?

माणसं काही गप्प बसली नाहीत. अंडी आणून पिंजऱ्यात पिल्लं वाढवली. माउई बेटावर २०२३ पासून खास वाढवलेले नर डास सोडू लागले. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जोडी जमवणाऱ्या माद्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत.

मग मी वर्गात म्हटलं, "हद्द हवीच रे, पण उन्हाला नि डासाला हद्दीवरची पाटी वाचता येत नाही!"

आता तुमचं काम. हिवाळ्यात धोबी पक्षी आपल्याकडे येतो. तो पहिल्यांदा कधी आणि कुठं दिसला, ते तारखेसह वहीत लिहा. दरवर्षी लिहा. पाखरं जागा बदलतात, ते अशा नोंदींवरूनच कळतं. आई-बाबांनाही सोबत घ्या हं!

तुमच्या,
बाई