कपडा हा भोग की उपभोग?



दशलक्षण पर्व महिन्यावर आलं की महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे संदेश सुरू होतात. पहिला, कोण कोण उपवास करणार, कोण एकाशन करणार याची यादी. दुसरा, कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची साडी नेसायची त्याची यादी. दुसऱ्या यादीवर जास्त चर्चा होते. नवरात्रातले नऊ रंग आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलेत, त्यावरून आपल्याकडेही दहा धर्मांचे दहा रंग आले. क्षमेला पांढरा, मार्दवाला गुलाबी, असं काहीतरी. फोटो छान येतात, यात शंकाच नाही.

तरीही माझं मत स्पष्ट सांगते. हे रंग बंद व्हावेत. का, ते सविस्तर लिहिते, कारण ग्रुपवर चार ओळींत लिहिलं तर ‘काकूंना हौस नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

आधी आपल्या ग्रंथात काय आहे ते पाहू. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत फरक केला आहे. आपण बोलताना हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण आचार्यांच्या लेखी ते वेगळे आहेत. जी वस्तू एकदा वापरली की संपली, ती भोग. उदाहरण दिलंय अन्नाचं. जी वस्तू वापरून पुन्हा वापरायची, ती उपभोग. उदाहरण दिलंय वस्त्राचं.

म्हणजे कपड्याची व्याख्याच ‘पुन्हा वापरायची वस्तू’ अशी आहे. आता आपली कपाटं उघडून बघा. पुतणीच्या हळदीला घेतलेली पिवळी साडी पुन्हा कधी नेसली? भाच्याच्या रिसेप्शनचा घागरा? ‘फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आता तीच कशी नेसू?’ हे वाक्य मी साठीतल्या बायकांच्या तोंडीही ऐकते आणि विशीतल्या मुलींच्याही. साडी आपण जेवणासारखी वापरायला लागलो आहोत. एकदा ताटात आली, संपली. उपभोगाच्या वस्तूचा आपण भोग करून टाकला.

आणि परिग्रहाच्या हिशेबातून कपडा सुटलेला नाही बरं का. परिग्रह परिमाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जमीन, सोनं, बँकेतल्या ठेवी येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना जमीन-घर, सोनं-चांदी, धनधान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ असाही एक शब्द येतो. पूज्यपाद आचार्यांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत कुप्य म्हणजे काय ते सांगताना सुती आणि रेशमी वस्त्रं आली आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांनी कपाट मोजायला सांगितलं होतं. आपण लॉकर मोजतो आणि कपाट सोडून देतो.

आता जरा लांब, फ्रान्समध्ये जाऊ. माझी भाची तिकडे ल्यों शहरात राहते. फॅशन म्हटली की जगाला पॅरिस आठवतं, त्यामुळे तिकडच्या बायका रोज नवीन काही घालत असतील अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, ‘मावशी, ऑफिसातल्या बायका तोच कोट चार-चार हिवाळे घालतात. फार तर गळ्यातला रुमाल बदलतात.’ मग तिने तिकडच्या सेलबद्दल सांगितलं आणि मी कॉमर्सची असल्यामुळे माझे कान टवकारले.

तिथे मोठा सेल वर्षातून दोनदाच असतो, जानेवारीत आणि जूनच्या शेवटी. तोही सरकारने ठरवलेल्या तारखांना, चार आठवडे. ‘सोल्द’ हा शब्द दुकानदाराने इतर वेळी पाटीवर लावायचा नाही. तोट्यात माल विकायची मुभा त्या काळात असते. सेलमध्ये ठेवलेला माल दुकानात किमान महिनाभर आधीपासून विक्रीला असला पाहिजे, म्हणजे सेलसाठी मुद्दाम हलका माल आणून त्यावर खोटी किंमत खोडून दाखवता येत नाही. एरवी छोट्या-मोठ्या सवलती तिथेही चालतात, पण सेल म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात आहे. आपल्याकडे लोखंडवाला मार्केटपासून घाटकोपरच्या एम. जी. रोडपर्यंत फिरा, ‘सेल’चा बोर्ड नसलेला महिना दाखवा. आणि आता तर मोबाइलच्या पडद्यावर मध्यरात्री बारा वाजता सेल उघडतो!

गंमत म्हणजे सेलचं माहेरही फ्रान्सच. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तिद बुसिको १८५२मध्ये भागीदार म्हणून आला आणि त्याने ते वाढवलं. घासाघीस न करता ठरलेली किंमत, माल परत करायची सोय, जानेवारीत चादरी-टेबलक्लॉथ अशा पांढऱ्या कापडाची खास विक्री, ही आज आपल्याला साधी वाटणारी तंत्रं त्या दुकानाने रुळवली. ज्या देशाने जगाला खरेदीची चटक लावली, तोच देश आता तिला लगाम घालतोय. २०२०मध्ये त्यांनी कायदा केला की न खपलेला माल जाळायचा किंवा फेकायचा नाही, दान करा, पुन्हा वापरा किंवा त्यापासून दुसरं काही करा. कपड्यांना तो २०२२पासून लागू झाला. २०२३मध्ये दुरुस्तीसाठी सवलत सुरू झाली. फाटलेलं अस्तर, तुटलेली चेन, चपलेचा तळवा नोंदणीकृत कारागिराकडून नीट करून घेतला तर बिलातून ६ ते २५ युरो वजा होतात. ते पैसे कपडे-चपला बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतात. अतिस्वस्त, रोज हजारो नवे नमुने आणणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना वस्तूमागे दंड आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी, असं विधेयकही मार्च २०२४मध्ये तिथल्या नॅशनल असेंब्लीने मंजूर केलं आणि जून २०२५मध्ये सेनेटने काही बदलांसह.

हे ऐकताना मला आमच्या मुलुंड पूर्वेचा फूटपाथ आठवत होता. छत्रीखाली शिलाई मशीन घेऊन बसणारा ऑल्टरेशनवाला. पन्नास-साठ रुपयांत पॅन्टची चेन बदलतो, ड्रेस आत-बाहेर करून देतो. त्याला सरकारी सवलत लागत नाही, फक्त गिऱ्हाईक लागतं आणि तेच कमी झालंय. दुसरी आपली बोहारीण. डोक्यावर टोपली घेऊन यायची, चार जुन्या साड्यांवर एक पातेलं की दोन, यावर अर्धा तास हुज्जत. ते कपडे धुऊन, सांधून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जायचे. नव्या टॉवरांच्या गेटवर वॉचमन तिला आत सोडत नाही. आणि तिसरी गोधडी, जिच्यात आईच्या साडीचा शेवटचा तुकडासुद्धा कामी यायचा. फ्रान्सला जे कायद्याने उभं करावं लागतंय, ते आपल्या दारात चालत येत होतं. आपण दार लावून घेतलं.

मग ते कपडे जातात कुठे? मुलुंडकरांना हे सांगायला नको. आमचं डम्पिंग ग्राउंड २०१८मध्ये बंद झालं तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण शहराचा कचरा काही बंद झाला नाही, तो कांजूरमार्गला आणि देवनारला जातोच आहे. तिथेही माणसं राहतात.

आणि पाणी? एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. आपण पाणी गाळून पितो. नळाची धार बारीक ठेवतो, कारण पाण्यात जीव आहेत आणि पाणी स्वतःही जीव आहे, असं आपण मानतो. चातुर्मासात पालेभाजी सोडतो. कांदा-बटाटा तर घरात येतच नाही. एवढी काळजी ताटातल्या घासाची आणि कपाटातल्या तीनशे रुपयांच्या कुर्तीची काहीच नाही, हे मला पटत नाही.

आता पैशाचा हिशेब. दोन हजारांची साडी दहा वेळा नेसली तर एका नेसण्याला दोनशे रुपये पडले. आठशेची ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून घेतलेली साडी एकदाच नेसली तर एका नेसण्याला आठशे. स्वस्त कोणती, ते तुम्हीच ठरवा. दहा रंगांपैकी सहा घरात असतात असं धरू. उरलेले चार आणायचे. साडी आठ-नऊशेची, फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई आजकाल साडीच्या किमतीला टेकते. ढोबळ हिशेबाने पाच-सहा हजार रुपये झाले, दहा दिवसांसाठी.

माझ्यासारखीला हे पाच हजार जड जाणार नाहीत. पण मंडळात सगळ्या माझ्यासारख्या नाहीत. एक मैत्रीण, नाव सांगत नाही, रंग सुरू झाल्यापासून संध्याकाळच्या आरतीला येईनाशी झाली. विचारलं तर गुडघ्याचं कारण. दोन मुलं कॉलेजात आहेत, यजमानांचं काम सुटलंय. गुडघे घेऊन ती सकाळी अभिषेकाला तीन जिने चढून येते, तेव्हा ग्रुप-फोटो नसतो. मी समजायचं ते समजले. ज्या पर्वात नवव्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्य धर्माची पूजा करतो, ‘माझं काहीच नाही’ असं म्हणायचं ते शिकतो, त्याच पर्वात एका बाईला तिच्याकडे काय नाही हे आपण रंग लावून दाखवतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

काही जणी म्हणतील, आपल्याच समाजाची कितीतरी घरं कापडाच्या धंद्यावर चालतात, सगळ्यांनी खरेदी थांबवली तर? रास्त प्रश्न आहे. माझं माहेर सांगलीकडचं, इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ऐकत मोठी झालेली मी आहे. खरेदी थांबवा असं मी म्हणतच नाही. फ्रान्सच्या कायद्यानेही दुकानं बंद केली नाहीत. बारा हलक्या साड्यांऐवजी तीन चांगल्या घेतल्या तर विणणाऱ्याला बरा दाम मिळतो आणि दुकानदाराचंही मढं माल साचत नाही. न खपलेल्या मालाखाली धंदे कसे बुडतात, ते धंदेवाल्यांच्या घरातल्या बायकांना मी काय सांगावं!

दुसरा आक्षेप हौसेचा. नीटनेटकं, शोभेल असं राहण्याला धर्माची आडकाठी नाही. आर्यिका माताजी एका साध्या पांढऱ्या साडीत राहतात, ते महाव्रताच्या वाटेवरचं जगणं आहे. आपण श्राविका आहोत, आपल्याला अणुव्रत सांगितलंय, म्हणजे मर्यादा. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नाही, आसक्तीवर आहे. वीस साड्या सुखाने फिरवून नेसणारी बाई आणि दोनशे असूनही ‘नेसायला काही नाही’ म्हणणारी बाई यांतला फरक तोच आहे.

कायदा बाहेरून येतो आणि दुकानदाराला बांधतो. व्रत आपण आतून घेतो आणि ते गिऱ्हाइकाला बांधतं. आपल्याकडे फ्रान्ससारखा कायदा होईल तेव्हा होवो. व्रत घ्यायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. समंतभद्र आचार्यांनी इथेही आपली सोय पाहिली आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम, ठरावीक काळासाठी घेतला तो नियम. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन, झेपेल तेवढा काळ. आणि ज्या गोष्टींचा नियम घ्यायचा त्या यादीत वस्त्रंही आहेत.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते आहे. एक, यंदा दशलक्षणात रंग नकोत. स्वच्छ धुतलेली, घरात आहे ती साडी. दोन, ज्यांना जमेल त्यांनी पर्वापासून एका ऋतूचा, म्हणजे दोन महिन्यांचा नियम घ्यावा, नवीन कपडा घ्यायचा नाही. मधे घरात लग्न असेल तर तेवढी सूट आधीच बोलून ठेवा, म्हणजे नियम मोडल्याची रुखरुख नको. तीन, दिवाळीच्या साफसफाईआधी एक रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी वापरण्याजोग्या साड्या, ड्रेस आणावेत आणि ज्याला जे हवं ते न्यावं. फ्रान्समध्ये गल्लोगल्ली असा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याच्या नावाचा अर्थच ‘माळा रिकामा करणं’ असा आहे. फूटपाथवरच्या आपल्या ऑल्टरेशनवाल्यालाही त्या दिवशी मशीन घेऊन हॉलमध्ये बसवू, ब्लाउज तिथल्या तिथे सैल-घट्ट होतील. बोहारणीसाठी गेट उघडा ठेवायला मी सेक्रेटरींशी बोलेन.

पुढच्या मंगळवारी मंडळाची सभा आहे. विरोध असेल तर तिथे तोंडावर सांगा, मला राग येत नाही. आणि त्या मैत्रिणीला आरतीला घेऊन यायचं काम मी माझ्याकडे घेतलंय, फक्त तोवर रंगांचा निकाल लागू द्या.

जय जिनेंद्र.