फुकटच्या पदवीची किंमत कोण मोजतो?

विद्यापीठात पदवीचा घोटाळा उघड झाला की पहिली ओरड होते ती ‘विद्यापीठाची बदनामी थांबवा’ अशी. घोटाळा होत असताना ज्यांना काहीच दिसले नाही, त्यांचाच आवाज यात मोठा असतो. माझा त्यांना एकच सवाल आहे. बदनामी कशाने होते? चोरीने, की चोरी झाल्याचे सांगितल्याने?

मराठवाड्याने तरी १९८६ साल विसरू नये. मुख्यमंत्री होते शिवाजीराव पाटील निलंगेकर, म्हणजे आपल्याच भागातले. त्यांची मुलगी १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेला बसली होती. तिचे गुण वाढवले गेले, असा आरोप झाला. त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. गुणांत फेरफार झाल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला, मुख्यमंत्र्यांवर ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे अपिलात त्यांच्याविरुद्ध थेट पुरावा नसल्याचे नमूद झाले, पण संशय काही पुसला गेला नाही.

आता बघा, मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली, पण १८५७ सालचे ते विद्यापीठ बुडाले का? नाही. उलट तिथल्या गुणपत्रिकेसाठी मुख्यमंत्र्यालाही जाब द्यावा लागतो, हे लोकांना दिसले. विद्यापीठाची अब्रू त्या डॉक्टरच्या अर्जाने राखली. त्याने तोंड बंद ठेवले असते, तर ती आतून पोखरत गेली असती.

आमच्या वालूरच्या बारवेतला गाळ गावकऱ्यांनी श्रमदानाने उपसला. तेव्हा घाण वर आली, वास सुटला. म्हणून कुणी ‘बारवेची बदनामी होते, बुजवून टाका’ असे म्हटले नाही.

पदवी म्हणजे गवाही असते. हा मुलगा शिकला, त्याला हे येते, असे विद्यापीठ चारचौघांत शपथेवर सांगते. नोकरी देणारा प्रत्येकाचे ज्ञान तपासत बसत नाही, तो शिक्क्यावर भरवसा ठेवतो. साक्षीदार एकदा खोटे बोलताना सापडला की त्याच्या खऱ्या साक्षीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. हिमाचलमधल्या सोलनच्या मानव भारती विद्यापीठाचे बनावट पदव्यांचे प्रकरण २०२० मध्ये गाजले. तिथे रीतसर फी भरून, वर्गात बसून शिकलेली मुलेही होती. त्यांनाही आपले कागद खरे आहेत हे सिद्ध करत फिरावे लागले. चोरी केली दुसऱ्यांनी, झडती यांची झाली.

आणि या झडतीत सगळे सारखे नसतात. पुढाऱ्याच्या मुलाची पदवी कवडीमोल झाली तरी त्याच्याकडे बापाची संस्था असते, ओळख असते, जमीन असते. वालूरहून एस.टी.ने सेलूला, परभणीला जाऊन शिकलेल्या मजुराच्या पोराकडे त्या कागदाशिवाय दुसरे काय आहे? माझ्या ओळखीचा एक मुलगा पुण्यात मुलाखतीला गेला. प्रमाणपत्र उलगडायच्या आत त्याला विचारले, ‘तुमच्याकडे कॉप्या करूनच पास होतात ना?’ त्याने आयुष्यात कॉपी केलेली नव्हती. त्याचे आडनाव शेख आहे. म्हणजे एका संशयावर दुसरा संशय. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आहे. इतक्या मुश्किलीने मिळवलेला कागद दुसऱ्याच्या लबाडीने रद्दी होणार असेल, तर गप्प बसणे आम्हाला परवडत नाही.

म्हणूनच आपल्या घरातही बोलले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव वर्षानुवर्षे आलेले आहे. आपल्यापैकी किती जणांनी हे मुलांना सांगितले? ‘कौमची बदनामी होईल’ हे वाक्य आणि ‘विद्यापीठाची बदनामी होईल’ हे वाक्य एकाच गिरणीत दळलेले आहे. घरबसल्या पदवी आणून देणारा दलाल मोहल्ल्यात येतो तेव्हा आपण त्याला चहा पाजतो. ‘सगळेच करतात’ म्हणत पैसे मोजणारा बाप आपल्या मुलाला इल्म देत नाही. तो शेजारच्या हुशार मुलीच्या कमाईवर हात मारतो.

कायद्याची तऱ्हाही ऐका. मान्यता नसताना पदव्या वाटल्या किंवा ‘विद्यापीठ’ असे नाव लावले, तर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त एक हजार रुपये! एवढ्यात एका मुलाची परीक्षा फी तरी भागेल का?

माझी मागणी साधी आहे. हा दंड दुकानदाराला घाम फोडील इतका वाढवा. घोटाळ्यातली प्रत्येक पदवी रद्द करा आणि रद्द केल्याचे जाहीर करा. गुण बदलणाऱ्याबरोबर बदलायला सांगणाऱ्यालाही पकडा. खऱ्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांची पडताळणी विद्यापीठाने स्वतःच्या खर्चाने, ठरलेल्या मुदतीत करून द्यावी. त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लावू नये. हे करणाऱ्या विद्यापीठाची चार दिवस चर्चा होईल. झाकून ठेवणाऱ्या विद्यापीठाच्या मुलांना मात्र जन्मभर प्रत्येक मुलाखतीत आधी आपण चोर नाही हे सांगावे लागेल.