मुक्काम कोठें करावा?

सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. नकाशा उलगडला जातो, प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार होते, मोटार घरची न्यावी कीं भाड्याची करावी याविषयीं खल होतो. मात्र रात्रीचा मुक्काम कोठें करावा हा प्रश्न बहुधा सर्वांच्या शेवटीं निघतो. आणि तोही ‘खोली कोठें मिळते व किती भाड्यांत मिळते’ एवढ्यापुरताच. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. अनेक गांवें पाहावयाचीं असलीं म्हणजे मुक्कामाचें गांव प्रथम ठरवावें व बाकीचा बेत त्याभोंवतीं आंखावा. मुक्कामाचें गांव ही केवळ पाठ टेकण्याची जागा नव्हे. ज्या गांवाहून आपण रोज सकाळीं निघतों व ज्या गांवीं रोज संध्याकाळीं परततों, त्या गांवाच्या खिडकींतूनच सारा मुलूख आपणांस दिसतो. आणि लहानपणीं जसा दिसला तसाच तो जन्मभर लक्षांत राहतो.

हें म्हणणें उदाहरणानें स्पष्ट व्हावें म्हणून आपलेच दोन जिल्हे, सातारा व सांगली, विचारासाठीं घेऊं. नकाशावर हे जिल्हे शेजारीं शेजारीं दिसले तरी त्यांचा पल्ला लहान नाहीं. साताऱ्याहून सांगली सुमारें १२० किलोमीटर दूर. महाबळेश्वराहून तर तेंच अंतर पावणेदोनशेंच्या घरांत जातें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास पडला तरी शेतकरी समाधान मानतो. एका टोंकास कासचें पठार व कोयनेचें धरण, दुसऱ्या टोंकास सांगलीची हळदपेठ व मिरजेचे सतारमेकर. एवढें सर्व चार-पांच दिवसांत पाहावयाचें, तर करावें कसें?

कित्येक कुटुंबें रोज नव्या गांवीं मुक्काम करतात. यांत वरवर पाहतां सोय दिसते, कारण मागें परतावें लागत नाहीं. परंतु विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें तें विंचवास शोभतें. आजी-आजोबा व लहान मुलें बरोबर असलेल्या कुटुंबास नव्हे. सकाळचा पहिला प्रहर सामान बांधण्यांत जातो, संध्याकाळचा खोली शोधण्यांत. ओले कपडे वाळत नाहींत, मुलांस जेवण वेळेवर मिळत नाहीं, आणि कोणास ताप आला तर कोठें थांबावें हें सुचत नाहीं. खर्चाची बाजू तर अधिकच विचारणीय आहे. एकाच ठिकाणीं चार रात्रीं राहिलें तर भाड्यांत कांहीं सूट मागतां येते व दुपारची शिदोरी बरोबर नेतां येते. रोज नव्या ठिकाणीं जो भाव सांगेल तो द्यावा लागतो. ज्या पालकांस वर्षांतून एकदांच, तीही काटकसरीनें, सहल परवडते, त्यांच्या दृष्टीनें हा फरक क्षुल्लक नव्हे. मुलांनीं सहल पाहावी कीं घरीं बसावें, हें कधीं कधीं एवढ्याशाच फरकावर ठरतें.

एकच ठाणें असावें हें मान्य केलें म्हणजे तें कोणतें, हा प्रश्न उरतो. बहुतेकांच्या तोंडीं पहिलें नांव येतें तें महाबळेश्वराचें. हवा थंड, देखावे रम्य, राहण्याची सोय विपुल. परंतु तें या प्रदेशाच्या वायव्य कोपऱ्यांत, डोंगरमाथ्यावर आहे. तेथून कोठेंही जावयाचें तर घाट उतरावयाचा व परत येतांना थकल्या डोळ्यांनीं चढावयाचा. शिवाय हंगामांत दरही डोंगराएवढेच उंच असतात. जें गांव पाहण्यास उत्तम तें राहण्यास उत्तमच असतें, हा समज प्रथम सोडून दिला पाहिजे.

दुसरें नांव साताऱ्याचें. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ सालीं येथेंच झाला. माथ्यावर अजिंक्यतारा, जवळच सज्जनगड, पलीकडे कास. ज्यास दोनच दिवस आहेत व डोंगरच पाहावयाचे आहेत, त्यानें खुशाल साताऱ्यास राहावें. पण ज्यास दोन्ही जिल्हे पाहावयाचे आहेत, त्याचा सांगलीचा दिवस जाऊन-येऊन २४० किलोमीटरांचा होतो. सांगलींत राहिल्यास तीच अडचण उलट बाजूनें येते; आणि एवढा पल्ला एका दिवसांत केला म्हणजे पाहणें कमी व बसणेंच फार होतें.

म्हणून आमचें मत कऱ्हाडाच्या बाजूनें आहे. तेथून सातारा सुमारें ५०, कोयनानगर ५५, सांगली ७०, विटें ४० आणि कुंडल ३५ किलोमीटर आहे. म्हणजे कोणताही एक दिवस जाऊन-येऊन दीडशें किलोमीटरांच्या आंत बसतो. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग येथून दक्षिणेस जातो, आणि गुहागर-विजापूर रस्ता त्यास येथेंच छेदून पूर्व-पश्चिम जातो. चारही दिशांस वाट आहे. गांव मोठें असल्यानें खानावळी, औषधांचीं दुकानें, रुग्णालयें व मोटारदुरुस्तीचे कारखाने आहेत. आगगाडीनें येणारास जवळच ओगलेवाडीचें स्थानक आहे. हेंच तें गांव, जेथील कारखान्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलांनीं एके काळीं महाराष्ट्रांतील घरें उजळलीं.

परंतु अंतराचा हिशेब हें याचें अर्धेंच कारण झालें. उरलेलें अर्धें कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. कृष्णा व कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या एकाच डोंगरांत उगम पावतात. कृष्णा वाईवरून जाते व साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला घेते. कोयना डोंगरांच्या आंतून दक्षिणेस उतरते व हेळवाकाजवळ पूर्वेस वळते. दोघी निराळ्या वाटांनीं फिरून कऱ्हाडास समोरासमोर भेटतात. पुढें सांगलीजवळ हरिपुरास वारणा त्यांत मिळते. या खोऱ्यांतील कितीतरी पेठा, देवालयें व रस्ते या पाण्याच्या कांठाकांठानेंच वसले आहेत. ज्या मुलानें हा प्रीतिसंगम दोन संध्याकाळीं शांतपणें पाहिला, त्यास सातारा-सांगलीचा भूगोल पाठ करावा लागणार नाहीं.

इतिहासाचेंही तसेंच आहे. आज जे दोन जिल्हे आहेत ते फार दिवसांचे नव्हत. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, संस्थानांचा मुलूख त्यांत सामील झाला, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. ही गोष्ट न कळल्यामुळें मुलांचा कसा घोटाळा होतो पाहा. क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार पुस्तकांत ‘साताऱ्याचें’ म्हणून येतें. पण त्या चळवळीचें मोठें केंद्र जें कुंडल, तें आज सांगली जिल्ह्यांत आहे. १९४३ सालीं सरकारी पैसा नेणारी गाडी क्रांतिकारकांनीं जेथें लुटली तें शेणोली कऱ्हाड तालुक्यांत आहे. यशवंतराव चव्हाण १९१३ सालीं जन्मले देवराष्ट्रे येथें, शिकले कऱ्हाडास, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांची समाधि प्रीतिसंगमावर आहे. जन्मगांव आज एका जिल्ह्यांत, समाधि दुसऱ्यांत! साताऱ्याहून पाहणारास सांगली ‘पलीकडची’ वाटते. सांगलीहून पाहणारास सातारा. मध्यावर उभा राहणारासच हा एक मुलूख आहे असें दिसतें.

दिवसांची वांटणी मग सहज होते. एक दिवस पश्चिमेचा: पाटणच्या खोऱ्यांतून कोयनानगर. पूर्वेस वाहणाऱ्या नदीचें पाणी अडवून, बोगद्यांतून पश्चिमेस कोंकणांत उतरवून वीज कशी काढतात, हें मुलांस तेथें नकाशा पुढें ठेवून समजावून द्यावें. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवणही सांगावी. एक दिवस उत्तरेचा: सज्जनगड, अजिंक्यतारा, आणि लिंब येथील बारा मोटांची विहीर. एक दिवस जवळचा: देवराष्ट्रे, कुंडल आणि किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. माळावरही गांव वसूं शकतें, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहावें. आणि एक दिवस सांगलीचा: गणपतीचें देवालय, हळदीची पेठ, नाटककार देवलांचें हरिपूर व मिरजेची सतारमेकरांची गल्ली. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ याच सांगलींत रंगभूमीवर आणिलें. परततांना वाट वांकडी करून औंधास जावें; तेथील राजांनीं १९३८ सालीं उघडलेलें संग्रहालय पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

कोणी म्हणेल, यांत महाबळेश्वर, प्रतापगड कोठें आहेत? आक्षेप रास्त आहे. कऱ्हाडाहून महाबळेश्वर शंभर किलोमीटरांहून अधिक पडतें, आणि तो दिवस वरील मर्यादेंत बसत नाहीं. ज्यांस तें पाहावयाचेंच आहे त्यांनीं येतांना वाईवरून जावें, एक रात्र वर काढावी व मग ठाण्यास यावें. अथवा तें स्वतंत्र सहलीसाठीं राखून ठेवावें. एका सहलींत सर्व पाहण्याचा हट्ट म्हणजे एका जेवणांत आठवड्याचें जेवण उरकण्यासारखें आहे.

दुसरा आक्षेप ऋतूचा, आणि तो अधिक गंभीर आहे. कृष्णाकांठचें कोणतेंही ठाणें भर पावसाळ्यांत निर्धास्त नसतें. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनीं सांगलीची काय दैना केली हें सर्वांस ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैंत पाटण तालुक्यांत दरडी कोसळून माणसें दगावलीं. तेव्हां आषाढ-श्रावणांत या बाजूस सहल काढूंच नये. कासचीं फुलें पाहावयाचीं असतील तर पाऊस ओसरतांना, आगाऊ नोंदणी करून जावें. २०१२ पासून जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या त्या पठारावर पायवाट सोडून एकही पाऊल टाकूं नये. इतरांनीं दसऱ्यानंतर निघावें. मात्र तेव्हां उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि अंधारांत मागें दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. म्हणून दिवेलागणीपूर्वीं ठाण्यास परतण्याचा नियम मोडूं नये. ठाणें जवळ असल्याचा खरा लाभ येथें कळतो.

विद्यार्थ्यांस एक सूचना. घरांत सहलीचा बेत निघाला म्हणजे नुसतें ‘आम्हांस अमुक दाखवा’ म्हणून हट्ट धरूं नका. नकाशा घ्या, पाहावयाच्या गांवांवर खुणा करा, प्रत्येक संभाव्य ठाण्यापासून अंतरें मांडा व बेरीज करा. नंतर ती बेरीज वडिलांपुढें ठेवा. उत्तर कऱ्हाड न येतां दुसरें आलें तरी हरकत नाहीं. विदर्भांत वा कोंकणांत गेलांत तर तें निराळेंच येईल. रीत तीच राहील.

आणि पालकांस विनंती एवढीच कीं, मुक्कामाचें गांव निवडतांना त्याची कीर्ति पाहूं नये. तेथून काय दिसतें व तेथें किती वेळेवर परततां येतें, हें पाहावें. मुलें किती स्थळें पाहून आलीं यापेक्षां, पाहिलेलीं स्थळें त्यांच्या मनांत एकमेकांशीं जुळलीं कीं नाहींत, याला मोल अधिक आहे. ती जुळणी संध्याकाळीं, ठाण्यावर परतून निवांत बसल्यावर होते. आणि तेवढा निवांतपणा मुलांस मिळवून देणें हें सर्वस्वी वडील माणसांच्या हातीं आहे.