कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढा

बीजिंग आणि न्यूयॉर्क ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, ४० अंश उत्तरेला आहेत. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ती पट्टीने जोडा. रेषा युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून सरळ आडवी जाते. त्या वाटेने अंतर भरते सुमारे १६,००० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हा प्रवास जवळजवळ अठरा तासांचा!

आता पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो चक्क उत्तर ध्रुवाजवळून जातो. अंतर सुमारे ११,००० किलोमीटर, वेळ सव्वाबारा तास. ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो, त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. यालाच बृहद्वृत्त म्हणतात. वारे आणि देशांच्या हद्दी यांमुळे विमानाची वाट थोडी बदलते, पण हिशेबाची सुरुवात इथूनच होते.

‘पृथ्वी गोल आहे’ हे आपण पाठ करतो आणि अंतर मोजताना मात्र तिला सपाट धरतो. माझ्या मते हा दोष मुलांचा नाही. गोल कपाटात कुलूपबंद असेल, तर त्यांनी करावे काय? शिक्षकांनो, तो त्यांच्या हाती द्या. फुटला तर नवा आणता येईल. चुकीची समजूत मात्र जन्मभर पुरते.