विश्लेषण : सारंगखेड्याच्या बाजारातील घोड्याची ‘कुंडली’ जनुकांतून कशी उलगडते?

दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा (ता. शहादा) येथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. खरेदीदार दात पाहून वय ठरवतो, कानांची टोके पाहून जात ओळखतो, रेवाल चाल बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो. मग लाखांचे सौदे होतात. यातील किती पारख जनुकशास्त्राच्या कसोटीवर टिकते?

घोड्याचा जनुकीय आराखडा कधी उलगडला?

प्रत्येक पेशीतील डीएनएमध्ये ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत त्या प्राण्याची माहिती असते. ही अक्षरे ओळीने वाचणे म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण. ‘ट्वायलाइट’ या थरोब्रेड घोडीची सुमारे २७० कोटी अक्षरे वाचून २००९ मध्ये घोड्याचा पहिला संदर्भ आराखडा प्रसिद्ध झाला. आता इतर घोड्यांची तुलना त्याच्याशी केली जाते.

मारवाडी घोड्याबद्दल काय समजले?

दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञ आणि गुजरातमधील आणंद कृषी विद्यापीठ यांनी मारवाडी घोड्याचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. या जातीत अरबी घोड्याचा वारसा ठळक दिसला, मंगोलियन घोड्याशीही नाते आढळले. आतल्या बाजूला वळलेली कानांची टोके ही मारवाडीची ओळख. त्यासाठी ‘टीएसएचझेड१’ जनुकातील बदल कारणीभूत असावा, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. मात्र हा आराखडा एकाच घोड्याचा होता. त्यामुळे कानामागचे जनुक ‘सापडले’ असे म्हणणे घाईचे ठरेल.

चाल आणि रंग यांचे काय?

येथे पुरावा अधिक भक्कम आहे. आइसलँडिक जातीच्या घोड्यांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये दिसले, की ‘डीएमआरटी३’ जनुकातील एका अक्षराचा बदल घोड्याला वेगळ्या लयीत चालण्याची क्षमता देतो. म्हणजे चालीत शिकवणुकीइतकाच रक्ताचाही वाटा असू शकतो.

रंगाची गोष्ट खिशाशी जोडलेली आहे. काही घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि वयानुसार पांढरे होतात. ‘एसटीएक्स१७’ जनुकाचा एक तुकडा दुप्पट झाल्याने हे घडते, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले. अशा घोड्यांना त्वचेच्या गाठींचा, म्हणजे मेलानोमाचा, धोका अधिक असतो. जन्मतःच पांढऱ्या घोड्यांचे कारण वेगळे. त्यामुळे पांढऱ्या घोड्याला जादा किंमत मोजण्यापूर्वी तो शिंगरू असताना कोणत्या रंगाचा होता, हे विचारायला हवे. शेपटीखाली गाठी आहेत का, हेही पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

घोडा माणसाळला कुठे?

२७३ प्राचीन घोड्यांच्या अवशेषांतील डीएनए वाचून २०२१ मध्ये उत्तर मिळाले. आजच्या पाळीव घोड्यांचा उगम रशियातील व्होल्गा-डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात असून, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी त्यांचा प्रसार सुरू झाला. त्यांच्यात मजबूत पाठ आणि शांत स्वभाव यांच्याशी संबंधित जनुकांची निवड झालेली दिसली. तापीकाठचा खरेदीदारही आज नेमके हेच दोन गुण तपासतो.

पशुपालकांना उपयोग काय?

केसांच्या मुळांतील डीएनएवरून शिंगराचे आई-वडील निश्चित करता येतात. वंशावळीच्या तोंडी दाव्यावर जादा रक्कम घेतली जात असेल, तर ही चाचणी खरेदीदाराचे संरक्षण करू शकते आणि प्रामाणिक पैदासकाराच्या मालाला भावही मिळवून देऊ शकते. दुसरा उपयोग जतनाचा. मोजक्याच नामवंत नरांकडून पैदास होत राहिली, तर नात्यातील संकर वाढतो आणि दोष उघड होतात. महाराष्ट्रातील भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. अशा कमी संख्येच्या जातींसाठी ही माहिती मोलाची आहे.

मर्यादा कोणत्या?

आराखडा घोड्याचे वय, संगोपन किंवा प्रशिक्षण सांगत नाही. त्यासाठी जाणकाराची नजर लागतेच. भोवऱ्यावरून मालकाचे नशीब ठरवणारे जनुक मात्र कोणत्याही आराखड्यात सापडलेले नाही. केवळ ‘अशुभ’ खुणेमुळे चांगल्या घोड्याचा भाव पाडला जात असेल, तर नुकसान विकणाऱ्या पशुपालकाचे होते.