टाक्यांची वही, तारांचा हिशेब

विणकामाची किंवा सूतकताईची वही ठेवणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे काहीशा गमतीने पाहिले जाते. स्वेटर विणला, दोन हिवाळे वापरला, आटला, कोणाला तरी देऊन टाकला. यात लिहून ठेवण्याजोगे ते काय, असा साधारण सूर असतो. हाच प्रश्न पाककृतींच्या वहीबद्दल आज कोणी विचारणार नाही. चकलीच्या भाजणीचे प्रमाण आजीच्या हस्ताक्षरात सापडले तर ते जपले जाते, त्याची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवली जातात. त्याच कपाटात, त्याच हस्ताक्षरात 'पाठ ११२ टाके, बॉर्डर १८ सुया' असे काही लिहिलेला कागद निघाला, तर तो रद्दीत जातो. या दोन कागदांना मिळणाऱ्या वागणुकीतला फरक आम्हाला अन्यायाचा वाटतो, आणि त्याच्या मुळाशी नोंद म्हणजे काय याविषयीचा एक गैरसमज आहे असे आमचे मत आहे.

नोंद म्हटली की आपल्या मनात हिशेब येतो. किती केले, किती दिवसांत केले, किती खर्च आला. हातकामाच्या बाबतीत ही सवय आपल्याला एका मोठ्या आणि आदरणीय परंपरेने लावली. जून १९२४ मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या महासमितीने ठराव केला, की निवडून आलेल्या प्रतिनिधींनी दरमहा निदान २००० यार्ड सूत स्वतः कातून पाठवावे. त्याच वर्षाअखेरीस बेळगावला, खुद्द गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, हीच अट काँग्रेसच्या सामान्य सभासदत्वाला लागू झाली. जगात सभासदत्वाची वर्गणी पैशात घेणाऱ्या संस्था पुष्कळ. ती सुतात मोजून घेणारी राजकीय संस्था विरळाच. १९२५ मध्ये चार आण्यांचा पर्याय आला आणि ही अट सैल झाली, परंतु त्याच वर्षी स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने आपल्या पहिल्या वर्गाच्या सभासदांसाठी दरमहा १००० यार्ड स्वतः कातलेल्या सुताचा नियम ठेवला.

यातून मोजण्याची एक संपूर्ण भाषा घडली, आणि ती सुंदर होती हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीचे वजन तोळ्यांत करायचे आणि चाळीसला त्या आकड्याने भागायचे, की सुताचा अंक साधारण कळतो. गुंडी दोन तोळे भरली तर सूत वीस अंकी. कोणत्याही खेड्यात, तराजू आणि पाढे यांच्यापलीकडे काही न लागता, आपण किती बारीक काततो हे माणसाला स्वतःला तपासता येत असे. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात १९३० साली ठेवलेल्या रोजनिशीत त्या त्या दिवशी कातलेल्या तारांचा आकडा येतो. आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या शेजारी, कसलेही भाष्य न करता. पुढे १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची कल्पना मांडली गेली आणि झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला, तेव्हा टकळीवरच्या गतीची उद्दिष्टे सहामाहीवार ठरवून दिली गेली. शाळेत टकळी आणि पेळू घेऊन बसलेली पिढी अजून आपल्यात आहे; तिला सूत आठवते त्याहून अधिक 'किती तार झाले?' हा गुरुजींचा प्रश्न आठवतो, असे त्यांच्याशी बोलताना पुष्कळदा जाणवते.

आमचा आक्षेप या मोजण्यावर नाही. ज्याची मोजणी होते तेवढेच नोंदण्याजोगे, या समजुतीवर आहे. बेळगावच्या नियमातच त्याची मर्यादा उघडी पडली होती. आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारणाने स्वतः कातणे न झाल्यास दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत देण्याची मुभा त्यात होती. म्हणजे यार्डांचा आकडा पूर्ण, आणि हात मात्र दुसऱ्याचा. कातणारा कोण, त्याचा पीळ कसा पडतो, सूत कुठे तुटते, पेळू चांगला होता की कचरा राहिलेला होता, यांपैकी काहीही त्या आकड्यातून वाचता येत नाही. वसुलीच्या वहीला ते वाचण्याची गरजही नव्हती. सूत्रांजलीत याहून वेगळे काही होते. पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या तो १२ फेब्रुवारी हा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, असे विनोबांनी मागितले. वर्षाला एकच, पण ती आपल्याच हातची. आकडा इतका लहान केला की तो गौण ठरला. तरीही त्या गुंडीसोबत कोणी आपल्या वर्षभराच्या कातण्याचे चार शब्द ठेवावेत, अशी अपेक्षा तिथेही नव्हती. सुताने बोलावे, कातणाऱ्याने नव्हे, हाच दंडक.

घरातल्या विणकामाला हा हिशेबही मिळाला नाही. ते राष्ट्रासाठी नव्हते. बाळंतविड्यातले टोपडे, मोजे, दिवाळीनंतरच्या थंडीसाठी स्वेटर, नव्या सुनेसाठी शाल. हे कोणाला सादर करायचे नव्हते, म्हणून मोजले गेले नाही, आणि मोजले गेले नाही म्हणून ते 'काम' या सदरातच आले नाही. बायका बोलता बोलता, बसमधून जाता जाता, टीव्हीसमोर बसून विणतात हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकात असे गृहीत धरलेले असते की हात चालतो तेव्हा डोके रिकामे असते. ज्याने साधा मुंढा घडवला आहे तो असे म्हणणार नाही.

ही वही प्रत्यक्षात काय सांभाळते ते तपशिलात पाहिले पाहिजे. नाहीतर आमचे म्हणणे नुसते भावुक ठरेल. समजा चौपदरी बारीक लोकर आहे, आणि सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसतात. ११२ टाक्यांची पाठ ४० सेंटिमीटर होईल. हात थोडा सैल असेल आणि २८ ऐवजी २६ टाके बसत असतील, तर तीच पाठ ४३ होते. पुढची बाजूही तेवढीच वाढते, आणि ८० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ८६ चा होतो. नमुना तोच, लोकर तीच, सुई तीच, फरक हाताचा. हा हात पुस्तकात छापलेला नसतो. तो फक्त विणणाऱ्याच्या वहीत असतो, आणि तोही तिने नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोजला असेल तरच. धुण्याआधीचे माप लिहिलेली वही पुढच्या वाचकाला फसवते.

सुईचेच पाहा. आपल्याकडच्या जुन्या वह्यांत 'दहा नंबरची सुई' असते. हा नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचा, ज्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत उलट आहे: आकडा वाढला की सुई जाड, आणि दहा म्हणजे सहा मिलिमीटर. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातीने पुण्याच्या आजीची वही उघडून दहा नंबरच्या सुया विकत आणल्या, तर तिच्या हाती बाळाच्या मोज्याऐवजी मासे धरायचे जाळे येईल. आजीची नोंद चूक नव्हती. ती तिच्या काळातल्या दुकानाशी बांधलेली होती. पाककृतीच्या वहीत हाच प्रश्न 'मावेल तेवढे पीठ' आणि 'आधुली' यांच्या रूपात होता. तो सुटला याचे पुष्कळसे श्रेय कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ला (१९७०) द्यावे लागेल. वाटी आणि चमचा ही मापे धरून त्यांनी स्वयंपाकघरातले अंदाजाचे ज्ञान अनोळखी मुलीच्या हाती पोचेल असे केले. विणकामाला तशी 'रुचिरा' लाभली नाही. नमुन्यांची पुस्तके निघाली, परंतु नमुना आणि नोंद या एक गोष्टी नव्हेत.

हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. काश्मिरी कानी शालींच्या विणकामात 'तालीम' नावाची सांकेतिक लिपी आहे. कोणत्या रंगाचे किती धागे, हे तीत ओळीओळीने लिहिलेले असते आणि विणकर त्याबरहुकूम विणतो. अत्यंत प्रगल्भ लेखन. पण ते कामाच्या आधीचे लेखन आहे, आज्ञेचे लेखन आहे. व्हिक्टोरियन काळापासून छापल्या जाणाऱ्या इंग्रजी नमुना-पुस्तकांचेही तेच: इतके टाके घाला, इतके कमी करा. वही कामाच्या नंतर, किंवा मधोमध, लिहिली जाते. तीत आज्ञा मोडल्याची हकिकत असते. 'पुस्तकात ३६ सुया सांगितल्या, मी ४२ केल्या, त्याचे हात लांब आहेत.' या एका वाक्यात एक मुलगा आहे, त्याच्याकडे पाहणारी एक बाई आहे, आणि छापील शब्दाशी तिने घेतलेला एक शांत मतभेद आहे. एवढा ऐवज असलेल्या वाक्याला वाङ्मय म्हणावे की नाही, याचा वाद आम्ही समीक्षकांवर सोपवतो. ते लेखन आहे एवढे तरी मान्य व्हावे. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये (१८५९) मादाम दफार्ज शत्रूंची नावे विणकामात नोंदवत जाते, आणि ती वीण तिच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. कादंबरीकाराला त्यात भय दिसले. आम्हाला वाटते, बहुतेक विणकाम तसेच असते, विणणारीखेरीज कोणाला न वाचता येणारे. फक्त त्यात सूड नसतो.

सुताच्या बाजूने या वहीला आणखी एक काम असते. आता पुष्कळ जण लोकर किंवा कापूस हौसेने कातू लागले आहेत. कोणी टकळीवर, कोणी पेटीचरख्यावर. स्वेटरपुरते सूत कातायला महिने जातात, आणि महिन्यांत हात बदलतो. पहिल्या आठवड्याचे सूत आणि दहाव्या आठवड्याचे सूत शेजारी ठेवले तर ते एकाच माणसाचे वाटत नाही. म्हणून पहिल्या दिवशीचे वीतभर सूत पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून वहीत टाचायचे, एका इंचात किती वेढे बसले ते खाली लिहायचे, आणि रोज कातायला बसण्याआधी त्यावरून बोट फिरवायचे. हा पुठ्ठा म्हणजे काही प्रगतिपुस्तक नव्हे. आधीच्या स्वतःशी जुळवून घेण्याचे ते एक साधन आहे. तारांच्या हिशेबात गती वाढली की प्रगती; इथे गती वाढली आणि जाडी बदलली, तर सगळे काम फुकट.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नोकरीत, घरात, प्रवासात सगळीकडे नोंदीच आहेत. किती पावले चाललो तेही यंत्र सांगते. निदान विणताना तरी माणसाला मोकळे सोडा, असे अनेक विणणारी माणसे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि वर्षअखेरीस 'यंदा अठरा वस्तू झाल्या' अशी यादी करून पुढच्या वर्षी वीसचा संकल्प सोडणाऱ्यांना आम्ही त्यांच्या हवाली करायला तयार आहोत. ती वसुलीची जुनी वही, फक्त वसूल करणारे आणि देणारे एकच. तयार वस्तूची सुबक छायाचित्रे तेवढी जमवणे हेही आम्हाला नोंद वाटत नाही. छायाचित्रात वस्तू दिसते. तीनदा उसवलेला गळा दिसत नाही. आम्ही मागतो ती वही याच्या बरोबर उलट्या गोष्टी लिहिते: काय सोडून दिले, का सोडले, कोणता लॉट संपला म्हणून उजवी बाही किंचित फिकी झाली, कोणासाठी घेतले होते आणि ते माणूस आता नाही.

हाताला आठवते, वही कशाला, असेही म्हटले जाते. हाताला खरोखरच आठवते. धनगर वाड्यांत दख्खनी मेंढीची लोकर कातली गेली, सणगरांनी तिची घोंगडी विणली, आणि जावळाची लोकर कोणत्या घोंगडीला लावायची हे सांगायला कोणाला कागद लागला नाही. पण ती आठवण एका माणसाची नव्हती. शेजारी बसलेल्या दहा हातांची होती. फ्लॅटमध्ये एकट्याने विणणाऱ्या माणसापाशी तो शेजार नसतो. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली होती म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापली गेली, हे आपण शाळेत शिकतो आणि त्यातून 'थोर प्रतिभा लपत नाही' असा धडा काढतो. आम्हाला त्यात वहीचे महत्त्व अधिक दिसते.

घर आवरताना म्हणून जरा सावकाश आवरावे. अशा नोंदी बहुधा स्वतंत्र वहीत नसतात. दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर, जुन्या पंचांगाच्या समासात, लोकरीच्या गोळ्याच्या आतल्या चिठ्ठीवर असतात. स्त्रियांची पत्रे आणि रोजनिशा जमवणाऱ्या ग्रंथालयांनी त्या मागाव्यात, आणि देणाऱ्यांनी त्या नमुन्याच्या तुकड्यांसह द्याव्यात, कारण तुकडा नसेल तर आकडे अर्धेच बोलतात. अपुरे राहिलेले विणकाम सापडले तर ते उसवून लोकर मोकळी करण्याची घाई करू नये. टाके सुईवरच असतील तर त्यांतून एक जाड दोरा ओवून ठेवावा, कितव्या ओळीवर थांबले आहे ते मोजावे, आणि सुई काढून घेण्यापूर्वी तिची जाडी चिठ्ठीवर लिहावी, नंबरात नव्हे, मिलिमीटरमध्ये.