चार आण्याची कोंबडी

"वेबसाइट करायला किती खर्च येतो रे?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. नात्यात कुणी कॉम्प्युटरवर काम करत असलं की त्याला यातलं सगळं कळतं, असा आपल्याकडे समज आहे. असो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवं, "दर वर्षी किती?"

आमच्या दादाचंच घ्या. रत्नागिरीजवळ त्याची हापूसची बाग आहे, आणि त्याला आता साइटवरून पेट्या विकायच्या आहेत. एकाने त्याला चाळीस हजारांचं कोटेशन दिलं. त्यात सरकणारी चित्रं, पेमेंट गेटवे, सगळं काही होतं, पण पुढच्या वर्षीचा एकही आकडा नव्हता. वर 'सुरक्षा सर्टिफिकेट'चे तीन हजार वेगळे! अहो, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट २०१६ पासून फुकट मिळतंय, आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपणहून लावून देतात.

मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. डोमेनचे हजारभर. होस्टिंगचे पाच हजार (जाहिरातीतला स्वस्त दर पहिल्या खेपेचा असतो, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, म्हणून हिशेब नेहमी त्या दराने करावा). दर मोसमाला भाव बदलणं, फोटो टाकणं, काही बिघडलं तर बघणं, यासाठी एखाद्या मुलाला नऊ हजार. झाले पंधरा हजार, दर वर्षी.

आता दुसरी बाजू. पॅकिंग, कुरिअर आणि वाटेत खराब झालेल्या आंब्यांची भरपाई जाऊन दादाला पेटीमागे पाचशे सुटतात. म्हणजे निव्वळ साइट पोसायला तीस पेट्या जादा विकल्या पाहिजेत. जादा म्हणजे जादा! मालाडच्या आत्या साइटवरून मागवतील त्या यात धरायच्या नाहीत, त्या फोनवरूनही घेतातच. शिवाय सुरुवातीचे चाळीस हजार भरून काढायला आणखी ऐंशी पेट्या. हे सगळं दोन-अडीच महिन्यांच्या मोसमात, आणि होस्टिंगचं भाडं मात्र बारा महिन्यांचं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

पुतण्याचं म्हणणं, मग इन्स्टाग्राम आहे की! आहे ना, जरूर वापरावं. पण जुन्या ब्लॉगर मंडळींना जिओसिटीज आठवत असेल, २००९ मध्ये बंद झालं. गूगलने छोट्या दुकानांना दिलेल्या फुकट साइट्सही मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की असं व्हायचंच. म्हणून साइट असावी, या मताचा मी आहे. फक्त ती कशासाठी, हे आधी ठरवावं.

दादाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. कर्नाटकातला आंबा 'रत्नागिरी' म्हणून सर्रास विकला जातो. अनोळखी गिऱ्हाइकाला खात्री हवी असते ती एवढीच, की हा माणूस खरा आणि बागही खरी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, दादाची त्याखाली नोंदणीही आहे, पण कोटेशनमध्ये त्या नोंदणीचा उल्लेखसुद्धा नव्हता! सरकणाऱ्या चित्रांचे पैसे वाचवून मोहोर, तोडणी आणि आढी यांचे चांगले फोटो काढून घ्यावेत. गेटवेही सध्या नको. तो साधारण दोन टक्के कापतो, वर त्यावर जीएसटी. शे-दीडशे पेट्यांना यूपीआय पुरतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. डोमेन दादाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, आणि पैसेही त्याच्याच खात्यातून. आमच्या ओळखीच्या एका खाणावळीचं डोमेन साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे तो फोन उचलेनासा झाला. खाणावळीची जागा बदलली, नंबर बदलला, तरी साइटवर आजही जुनाच पत्ता आहे.

तीन पानी साधी साइट बारा हजारांत करून देणारा एक मुलगा चिपळूणला मिळालाय. पहिली पेटी निघायच्या आत ती सुरू व्हावी, म्हणून दादाने त्याला फेब्रुवारीअखेरची मुदत दिली आहे. फोटो काढायला मी येणार आहे, काकू, तेव्हा दोन दिवस मुक्काम धरून चाला.